मूठ कुणाच्या हाताची?

आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात तीन वर्षं एक सुरी पडून होती. दिसायला देखणी. शिसवाची मूठ, मुठीत पितळेचे दोन चकचकीत ठिपके, वरून हात फिरवावा तर कुठे खरखर नाही. आल्यागेल्याला मी ती कौतुकाने दाखवत असे. भाजी चिरायला मात्र तिला कुणी हात लावत नसे. ती मी माझ्या लेकीसाठी केलेली सुरी होती आणि लेकीने ती फार तर चार वेळा वापरली असेल.

आई-बाबांनो, आज त्या सुरीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. घरातल्या एका सुरीची प्लास्टिकची मूठ तडकली आणि तिचे दोन तुकडे झाले. पातं मात्र ठणठणीत होतं. चार इंची, स्टेनलेस स्टीलचं, मागे मुठीत शिरणाऱ्या शेपटाला दोन भोकं. मी ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायला निघाले, तर ती म्हणाली, "अगं, पातं चांगलंय ना? मग मूठच नवी करूया की!"

मला कोण आनंद झाला. मोबाइलमधून डोकं वर काढून लेक काहीतरी करू म्हणतेय, आणखी काय हवं? पण पुढच्या पाच मिनिटांत तो सगळा आनंद मी माझ्याकडेच घेतला. करवत काढली, "बोट कापेल, मी कापते." ड्रिल काढलं, "तू लांब उभी राहा." गोंद कालवला, "हाताला चिकटेल, आण इकडे." तीन संध्याकाळी मी राबले. तिच्या वाट्याला दोनच कामं आली, टॉर्च धरणं आणि शेवटी फडक्याने पुसणं.

सुरी झाली. तिने हातात घेतली, दोनदा उलटसुलट केली आणि खाली ठेवली. "छान झालीय आई," म्हणाली, "पण ही तुझी सुरी आहे."

मला वाटलं, पोर रुसली. खरं कारण कळायला बरेच दिवस गेले. एकदा कैरी चिरताना सहज ती सुरी घेतली. माझा अंगठा मुठीच्या डाव्या अंगाला मी कोरलेल्या छोट्याशा खळगीत नेमका जाऊन बसला, आणि माझा हात तिथेच थांबला. माझी लेक डावखुरी आहे. तिचा अंगठा मुठीच्या उजव्या अंगाला येणार. जिला मी इतकी वर्षं डाव्या हाताने लिहिताना, चित्रं काढताना पाहिलं, तिच्या सुरीला मी उजव्या हाताची खोबण केली होती. जाडीसुद्धा माझ्याच पंजाच्या बेताने धरली होती. तिची बोटं त्या मुठीला धड वेढा घालू शकत नव्हती. पोर रुसली नव्हती. ती खरं तेच बोलली होती.

मूठ करणं आमच्या घराला नवीन नाही. आजोळी सातारा जिल्ह्यात आठवडी बाजाराच्या दिवशी घिसाडी लोक रस्त्याकडेला पाल ठोकून बसत. एक बाई भाता चालवी, ऐरणीवर घणाचे घाव पडत आणि समोर गोणपाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाडी मांडलेल्या असत, बऱ्याचशा बिनमुठीच्या, बिनदांड्याच्या. तशाच विकल्या जात. पातं लोहाराने द्यायचं, मूठ ज्याची त्याने करायची, अशी ती रीत. आजोबा घरी येऊन बाभळीचा सुकलेला तुकडा तासून मूठ करत. तिला बारीक भोक पाडत. मग विळ्याच्या पात्याला ओलं फडकं गुंडाळून फक्त शेपटाचं टोक चुलीत लाल करत आणि त्या भोकात ठोकून बसवत. चर्र आवाज होई, धूर निघे आणि जळक्या बाभळीचा वास पडवीभर पसरे. आजीचा विळा वेगळा, आजोबांचा वेगळा. चुकून दुसऱ्याचा हातात आला तर न बघता कळे.

ओलं फडकं कशासाठी, हे मला फार उशिरा समजलं. पात्याला लोहाराने पाणी दिलेलं असतं. लाल तापवून एकदम विझवलं की पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडं नरम करतात. पिवळसर गवती रंग चढेपर्यंत, म्हणजे साधारण २२० अंशांच्या आसपास, पातं चांगलं राहतं. निळा रंग चढला, म्हणजे तीनशेच्या घरात गेलं, की धार टिकण्याची ताकद उतरली. आजोबांना अंश माहीत नव्हते. ओलं फडकं माहीत होतं.

असो. माझ्या चुकीनंतर दोन वर्षं मी विषय काढला नाही आणि लेकीनेही काढला नाही. मग बारा वर्षांची असताना ती एका दुपारी म्हणाली, "मला माझा चाकू हवाय." सुरी नाही, चाकू. माझ्या पोटात गोळा आला.

तुमच्याही आला असता. पुण्यात राहणाऱ्या आईबापांना वेगळं काय सांगू! गेली काही वर्षं बातम्यांत ‘कोयता’ हा शब्द दिसला की आधी पोटात धस्स होतं. हाच कोयता आमच्या भागात ऊस तोडतो, कोकणात नारळ सोलतो. आपल्या भाषेत ‘हत्यार’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? सुतार सकाळी कामाला निघताना पिशवीत हत्यारं घेतो, आणि पोलीस आरोपीकडून हत्यार जप्त करतात. शब्द तोच. यातला कुठला अर्थ मुलाच्या मनात आधी रुजतो, ते हत्यार त्याच्या हाती पहिल्यांदा कसं आलं यावर बरंच अवलंबून असतं, असं मला वाटतं. मित्रांत मिरवण्यासाठी लपूनछपून घेतलेला बटनाचा चाकू आणि आईसमोर चार रविवार घासून केलेला चाकू, दोन्हींना धार असते. पण पहिल्याची वस्तू म्हणून ओळखच नसते. दुसऱ्याचा प्रत्येक मिलिमीटर पोराच्या ओळखीचा झालेला असतो.

म्हणून मी ‘हो’ म्हटलं, पण एका अटीवर. अट तिला नव्हती, मला होती. पात्याला धार आहे तोवर मी समोर बसणार, पण ती मागेल तेव्हाच हात लावणार.

पातं तयारच घेतलं. घरी पोलाद तापवायचं, घडवायचं, पाणी द्यायचं हे वेगळं शास्त्र आहे. ती भट्टी बारा वर्षांच्या मुलीच्या आणि माझ्या आवाक्यातली नव्हती. तयार पाती आता मिळतात. फिनलंड आणि स्वीडनमध्ये तर हा घरगुती छंदच आहे. लोक कारखान्याचं किंवा लोहाराचं नुसतं पातं आणतात आणि बर्च झाडाचं लाकूड किंवा त्या झाडाच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचून मूठ करतात. त्यांच्या छोट्या चाकूला फिनिश भाषेत पुक्को म्हणतात. आपल्याकडे काही नाही मिळालं तर मूठ मोडलेली एखादी जुनी सुरी घ्या. मुलाच्या पहिल्या कामाला ती उत्तम.

घेताना दोन गोष्टी पाहा. एक, पातं तीन-चार इंचांपेक्षा लांब नको. दोन, शेपूट मुठीच्या पूर्ण लांबीचं, रुंद आणि आधीच भोकं पाडलेलं हवं. पाणी दिलेल्या पोलादात घरच्या ड्रिलने भोक पडत नाही, नुसता ड्रिलचा बिट जळतो. आमचं पातं कार्बन स्टीलचं होतं. त्याला धार सुरेख लागते, पण ओलं राहिलं की गंजतं आणि लिंबू-कांद्याने काळवंडतं. वापरून लगेच पुसायची सवय लावायची असेल तर याच्यासारखा मास्तर नाही.

पहिलं काम पातं झाकण्याचं. पुठ्ठ्याची घडी आणि तिच्यावरून चिकटपट्टीचे चार वेढे. हे झाकण शेवटचं पॉलिश होईपर्यंत काढायचं नाही. मूठ करताना लक्ष सगळं लाकडाकडे असतं आणि हात नकळत पात्याला धरतो. अपघात तिथे होतो.

लाकूड आम्ही वखारीतून आणलं नाही. ओळखीच्या सुतारकाकांकडे चिंचेचा जुना तुकडा होता. त्यांनी लेकीला विचारलं, "ओलं लाकूड का नको गं?" तिला सांगता येईना. ते म्हणाले, "ओलं लाकूड आज तुझं ऐकतं आणि सुकलं की स्वतःचं करतं. वाकतं, आक्रसतं, पातं सैल सोडतं." आमच्याकडे मुठी-दांड्यांना बाभूळ आणि धावडा वापरत आले ते ही झाडं चिवट म्हणून. शिसव देखणा, पण त्याची धूळ काही जणांना सोसत नाही, अंगावर पुरळ उठतं, नाक चोंदतं. कुठलंही लाकूड घासा, नाकावर मास्क हवाच.

सुतारकाकांनीच तुकडा चिरून दोन पातळ पट्ट्या करून दिल्या. पुढचं तिने केलं. कागदावर स्वतःचा डावा पंजा ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली. चार बोटांची रुंदी मोजली, तेवढी मुठीची लांबी, वर अर्धा इंच मोकळा. एका पट्टीवर पातं ठेवून भोकांच्या खुणा केल्या आणि हातड्रिलने तीन मिलिमीटरची भोकं पाडली. मग दुसऱ्या पट्टीची वेळ आली. तिने ती वेगळी धरली आणि डोळ्यांच्या अंदाजाने खुणा करू लागली. मला दिसत होतं, भोकं जुळणार नाहीत. पहिली पट्टी आणि पातं एकत्र बांधून त्याच भोकांतून आरपार ड्रिल घालायचं असतं. माझ्या जिभेवर आलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

भोकं जुळली नाहीत. पितळेची सळई पहिल्या पट्टीतून गेली, पोलादातून गेली आणि दुसऱ्या पट्टीला धडकून थांबली. लेक बराच वेळ ते तिरपं धरून बघत राहिली. मग म्हणाली, "ओह. आधी बांधून घ्यायला हवं होतं." चिंचेची एक पट्टी वाया गेली. सुतारकाकांकडे पुन्हा जावं लागलं. तिने स्वतः जाऊन सांगितलं, "काका, माझी चूक झाली." काकांनी हसून दुसरी पट्टी दिली. मी आधीच सांगितलं असतं तर पट्टी वाचली असती. ‘ओह’ मात्र तिचा राहिला नसता.

दुसरी गोष्ट मी सांगितली, कारण ती चुकली की दुरुस्तीच नाही. मुठीच्या पट्ट्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच गोल आणि गुळगुळीत करून ठेवायची. नंतर तिथे कानस चालवली की पात्यावर ओरखडे येतात आणि ते जन्मभर दिसतात. त्याच टोकाला बोट अडेल असा थोडा उंचवटाही ठेवायचा. ओल्या हाताने सुरी दाबली आणि बोट पुढे सरकलं, तर पात्यावर जाण्याआधी ते तिथे थांबलं पाहिजे. सगळ्या मुठीत शोभेचं काम कमी आणि हे काम जास्त.

चिकटवणं म्हणजे परीक्षाच. दोन ट्यूबांचा इपॉक्सी गोंद, दोन्ही भाग बरोबर सारखे. पहिल्यांदा तिने एका ट्यूबमधलं जरा जास्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गोंद च्युइंगमसारखा राहिला. सगळं सोडवून, खरवडून पुन्हा. दुसऱ्यांदा तिने काचेवर दोन सारख्या लांबीच्या रेघा काढल्या. शेपटावर आणि लाकडाच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपरने मुद्दाम ओरखडे पाडले, कारण गुळगुळीत पोलादाला गोंद धरत नाही. स्पिरिटने पुसून बोटांचं तेल काढलं. पट्ट्या बसवल्या, पितळेच्या सळईचे तुकडे आरपार घातले आणि क्लॅम्प आवळला. इथेही गंमत आहे. फार आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काहीच उरत नाही. बेताने आवळून चोवीस तास हात लावायचा नाही. बारा वर्षांच्या पोराला यातला सगळ्यांत अवघड भाग कुठला, ओळखा पाहू. तेच चोवीस तास.

मग कानस, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १२०, २२०, शेवटी ४००. दर पाच मिनिटांनी ती थांबे, मूठ धरून बघे, पुन्हा घासे. डाव्या हाताने धरून, डाव्या अंगठ्याच्या बेताने. दोन्ही बाजू सारख्या आल्याच नाहीत. एका अंगाला जरा फुगीर, दुसऱ्याला सपाट. मला ते खुपत होतं. तिला हवं होतं ते तसंच होतं.

शेवटी तेल. तिने हौसेने खोबरेल चोळलं. मी पुन्हा गप्प. खोबरेल लाकडावर कधीच सुकत नाही, बोटाला लागतच राहतं. आठ दिवसांनी वैतागून तिने ते पुसून काढलं आणि खायचं जवसाचं तेल लावलं. ते हवेने हळूहळू घट्ट होतं, पण त्याला आठवडे लागतात. एक धोका मात्र मी आधीच सांगितला, कारण तिथे गप्प बसणं हा गुन्हा ठरला असता. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं पसरून वाळवायचं किंवा पाण्यात भिजवून मग टाकायचं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? शाळा, क्लास, परीक्षा यांतून वेळ कुठे आहे? या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे आणि ते मला दिलासा देतं. फिनलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेयस यांच्या आग्रहाने १८६६ साली हस्तकाम हा प्राथमिक शाळेचा सक्तीचा विषय झाला. मुलं सुतार व्हावीत म्हणून नव्हे. हाताने नीट काम करता करता मन, नजर आणि धीर घडतो म्हणून. पुढे स्वीडनमध्ये नेस नावाच्या ठिकाणी ओटो सालोमोन यांनी शिक्षकांसाठी याची शाळा चालवली आणि देशोदेशीचे शिक्षक तिथे येऊन शिकले. त्यांच्या क्रमातलं पहिलं हत्यार कुठलं, माहीत आहे? चाकू. करवत, रंधा, पटाशी नंतर. कारण चाकू घरोघरी असतो आणि हाताच्या सगळ्यांत जवळ असतो.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा असावा ही मांडणी केली. तीच नई तालीम. आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे तर खेड्यातली मुलं वेल्डिंगपासून सुतारकामापर्यंत सगळं हाताने करत विज्ञान शिकतात. म्हणजे चार रविवार चाकूच्या मुठीवर गेले तर अभ्यास बुडाला असं समजू नका. अंश, घेर, प्रमाण, काटकोन, घर्षण, सगळं त्या पट्टीवर होतं. पुस्तकाचं नाव तेवढं नव्हतं.

आता नियमांचं बोलते. प्रेमाइतकेच ते लागतात. कायद्याचं आधी. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू परवान्याच्या कक्षेत येऊ शकतो. घरकाम, शेती, उद्योग यांसाठीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण म्हणून लहान चाकू खिशात घालून फिरावं असा त्याचा अर्थ होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी आदेश निघतात आणि त्या काळात शस्त्रं, सुरे जवळ बाळगण्यावर बंदी असते. शाळेत, जत्रेत, गर्दीत चाकू न्यायचाच नाही. हे मी लेकीला धमकी म्हणून सांगितलं नाही. शेजारी बसवून, आदेशाची बातमी वाचून दाखवून सांगितलं. मुलांना कारण दिलं की नियम सोपा जातो.

घरचे नियम आम्ही दोघींनी मिळून केले. चाकूचं घर एकच, वरचा कप्पा. काम करताना हाताभर अंतरात दुसरं कुणी नको. कापण्याची दिशा अंगापासून बाहेर, आणि मांडीवर ठेवून कधीच कापायचं नाही, मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं टोकं आत वळवून धरायची. धार बोथट झाली की काम थांबवून धार लावायची. बोथट सुरी जास्त दाब मागते आणि जास्त दाबाखाली घसरते. एक नियम सासूबाईंनी घातला. त्या म्हणाल्या, "सुरी हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी." भांडणाचं देवाला ठाऊक. पण हातातून हातात सुरी देताना बोट कापतं एवढं नक्की. नियम मंजूर झाला.

तरीही कापलं. अर्थातच कापलं. चार रविवारांत खरचटलंसुद्धा नव्हतं. महिन्याभराने काकडी सोलताना तर्जनीवर चीर गेली. लाल थेंब पाहून माझेच पाय थरथरले. तिने स्वतः नळाखाली बोट धरलं, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबलं आणि हात वर केला. दहा मिनिटं दाबून ठेवायचं असतं आणि मधे उघडून बघायचं नसतं, हे आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. जखम खोल असेल, उघडी राहत असेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर सरळ डॉक्टर गाठायचा, आणि धनुर्वाताची लस कधी झाली ते पाहायचं. तिची चीर वरवरची निघाली. संध्याकाळी तिने उरलेली काकडी सोलली, त्याच चाकूने. मी ‘राहू दे आता’ म्हणणार होते. म्हटलं नाही. हे न म्हणणंसुद्धा मी त्या चार रविवारांतच शिकले होते.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्या पाटावर सासूबाईंची विळी, अडकित्ता, नवऱ्याचा पाना, माझा लॅपटॉप आणि तिचा वाकडातिकडा चाकू होता. सगळ्यांना सारखंच हळदकुंकू.

आता शेवटची गोष्ट, खणातल्या सुरीची.

सासूबाई जन्मभर विळीवर भाजी चिरत आल्या. गुडघ्यांनी बसणं सोडायला लावलं, तेव्हापासून टेबलाशी बसून सुरीने चिरतात. पण संधिवाताने बोटं आखडलीत. बारीक मूठ त्यांना घट्ट धरता येत नाही, सुरी हातात फिरते. एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "जाऊ दे, माझ्याने आता भाजीसुद्धा होत नाही." लेक तेव्हा कणीक मळत होती. तिने कणकेचा गोळा एका चमच्याच्या दांड्याभोवती लावला आणि म्हणाली, "आजी, धर. घट्ट." सासूबाईंनी धरला. "अजून जाड?" "हो, थोडा." अजून कणीक. "आता?" आजीची बोटं त्या कणकेत रुतली आणि थांबली. "हं, हे बरंय."

लेकीने हळूच मूठ सोडवली. कणकेवर आजीच्या चारही बोटांचे ठसे होते, करंगळीचा सगळ्यांत खोल. तिने दोरा गुंडाळून घेर मोजला. साडेचार इंच. माझ्या मुठीचा घेर साडेतीन, तिच्या स्वतःच्या चाकूचा तीन. तिने वहीत तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

मग ती खणाशी गेली, माझी शिसवाची देखणी सुरी काढली आणि विचारलं, "आई, हिची मूठ काढू?"

मी लगेच उत्तर दिलं नाही हे कबूल करते. तीन संध्याकाळचं काम होतं ते. मग मान हलवली.

तिने मूठ उकळत्या पाण्यात धरली. पाण्याच्या उष्णतेने गोंद सैल होतो, पात्याच्या पोलादाला मात्र काही होत नाही. पितळेचे ठिपके ठोकून काढले. पट्ट्या सुट्या झाल्या. दोन आठवड्यांनी त्या पात्यावर साडेचार इंच घेराची, चिंचेची, बटाट्यासारखी बोंगळ मूठ बसली. अंगठ्याची खळगी उजव्या हाताची होती. तिने आजीचा हात बघून केली होती.

काल सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझी सुरी कुणी घेतली गं?" भेंडी धुऊन, पुसून टेबलावर ठेवलेली होती. लेकीने सुरी टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. आजीने उचलली.

माझ्या त्या दोन शिसवाच्या पट्ट्या अजून खणात आहेत. डाव्या अंगाच्या पट्टीत अंगठ्याची खळगी आहे. कधीमधी बोट घालून बघते, माझ्या अंगठ्याला ती अजून अगदी बरोबर बसते.